तणसीच्या मुलखातला मुरघास

संपादकांनी यंदा 'जंगलाच्या काठावर' हा विषय दिला. वाघावर लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी गोठ्यांकडे वळलो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलहून चामोर्शीकडे जाताना हरणघाटाच्या पुलावर वैनगंगा लागते. वैशाखात तिचं पाणी एका कडेला सरकलेलं असतं, बाकी सगळं पात्र वाळूचं. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. नदी जिथे उत्तरवाहिनी होते तिथे, चामोर्शीच्या बाजूला, मार्कंडा आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला इथे एकेकाळी बैलबंड्यांच्या रांगा लागत. मंदिरांच्या शिल्पांविषयी पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमपासून आजपर्यंत खूप लिहिलं गेलं आहे. त्या मंदिरांच्या आसपास जी गावं आहेत, त्यांतली जनावरं उन्हाळ्यात काय खातात याविषयी फार थोडं.

या भागात घरामागे तणसीचा ढीग नाही असं शेतकऱ्याचं घर सापडत नाही. तणीस म्हणजे धान चुरल्यावर उरणारा पेंढा. मार्गशीर्षात हा ढीग छपराच्या वर जातो, आणि वैशाखात खालच्या काळपट थरापर्यंत येतो. तो थर ओल धरलेला, बुरशीचा वास येणारा असतो, आणि नेमका तोच खायला घालायची वेळ तेव्हा येते. गाय तो हुंगते, थोडा ओढते, थोडा पायाखाली तुडवते. पाऊस यायला अजून पाच-सहा आठवडे असतात.

पोट भरते, अंगी लागत नाही

तणीस वाईट चारा आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. या मुलखातली गुरं तिच्यावरच जगली आहेत. पण तिचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. वाळलेल्या तणसीत प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के असतात. गायीच्या पोटातले जंतू चारा पचवतात, आणि त्यांना स्वतः जगायला याच्या दुपटीएवढी प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत की जंतू मंदावतात, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, गाय कमी खाते आणि आणखी खंगते. त्यात धानाच्या पात्यात वाळूतलं सिलिका भरपूर. ते पचत नाही आणि बाकीच्यालाही पचू देत नाही. शिवाय ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. दुभत्या गायीला नेमकं तेच हवं असतं.

यावर एक जुना, चांगला उपाय आहे. शंभर किलो तणसीवर चार किलो युरिया ४० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपायचा, थर दाबत जायचं आणि प्लॅस्टिकखाली तीन आठवडे हवाबंद ठेवायचं. युरियाचा अमोनिया होतो, तो तणसीच्या तंतूंची पकड सैल करतो आणि नत्रही वाढवतो. खाऊ घालण्याआधी थोडा वेळ पसरून वास उडू द्यायचा. लहान वासरांना द्यायचं नाही. सांगायला सोपं आहे. पण युरिया नीट विरघळला नाही, किंवा घाईत शिंपून लगेच घातला, तर जनावर तासाभरात आडवं होतं. एखाद्या गावात एक गाय अशी गेली की पुढची दहा वर्षं त्या गावात या उपायाचं नाव कोणी काढत नाही. गोठ्यातली गाय ही त्या घराची ठेव असते, तिच्यावर प्रयोग करायला माणूस कचरतो. ते बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट अलीकडची. हार्वेस्टर आल्यापासून तणीस वावरात विखरून पडते. ती गोळा करायला मजूर लागतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती जाळली जाते. आणि बुटके, भरघोस धान लावल्यावर तणीसही आखूड झाली. धान निवडताना दाण्याकडे पाहिलं गेलं, पात्याकडे नाही. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या वावरातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून पुढे 'एचएमटी' धान उभं केलं. ती नजर इथल्या शेतकऱ्याकडे आहे. जनावराला मऊ लागणारी, पचणारी तणीस देणारं वाण निवडायला त्याला कोणी सांगितलंच नाही, याची मला खंत वाटते.

आखरावरून पुढे

तणीस संपली की उरतं जंगल. गावाबाहेरच्या आखरावर सकाळी ढोरं जमतात आणि गायकी, म्हणजे गावचा गुराखी, ती रानात नेतो. पूर्व विदर्भात हे काम पिढ्यानपिढ्या मुख्यतः गोवारी समाजाने केलं. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाचा मान त्यांचा असतो. गायकीची मजुरी धानात ठरायची. आता तरुण पोरं या कामाला तयार नसतात. मजुरी कमी आहे, आणि भीती खरी आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनविभागात पकडलेल्या 'सीटी-१' या वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी मिळून १३ माणसं मारली होती. ब्रह्मपुरी विभागात वाघ दाट झाले आणि वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत पसरले. हल्ल्यांच्या बातम्या नीट वाचल्या तर माणूस त्या वेळी काय करत होता ते एका ओळीत दिलेलं असतं: ढोरं चारत होता, मोहफुलं वेचत होता, गवत कापत होता, सरपण आणत होता. म्हणजे चारा हा वाघाच्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे. गोठ्यात आलेल्या प्रत्येक भाऱ्यामागे जंगलातली एक फेरी कमी होते. मुरघास म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा. दुधाचं उत्पादन वाढवण्याच्या भाषेत त्याचा प्रचार होतो. इथे तो माणसाच्या जिवाच्या भाषेत व्हायला हवा.

जंगलातही पूर्वीसारखं गवत राहिलेलं नाही. रानतुळस आणि घाणेरी मोकळ्या जागा व्यापतात, आणि दोन्हींना जनावर तोंड लावत नाही.

मक्याच्या मुलखातली कृती

पश्चिम महाराष्ट्रात मुरघास म्हणजे मका, हे समीकरण पक्कं झालं आहे. मक्याचा दाणा दुधाळ अवस्था सोडून चिकात आला की अख्खं झाड कापायचं, कुट्टीयंत्रातून एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे, खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून भरायचं, हवा कोंडून टाकायची. हवा संपली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू झाडातली साखर खाऊन आम्ल बनवतात. आम्लता वाढून सामू चारच्या आसपास आला की कुजवणारे जंतू थांबतात आणि चारा तसाच टिकतो. दीड महिन्यात तो तयार होतो, हवा लागली नाही तर वर्षभर राहतो. आंबील करणाऱ्या मुलखात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही: आंबट झालं की टिकतं, आणि हवा-घाण लागली की नासतं. चांगला मुरघास पिवळसर हिरवा आणि आंबूस-गोड वासाचा. बिघडलेला काळपट, चिकट, कुजक्या लोण्यासारखा वास देणारा.

मका यासाठी उत्तम, कारण त्यात साखर आहे, दाण्याची ताकद आहे आणि पाण्याचं प्रमाण नेमकं आहे. पण मार्कंड्याच्या आसपास बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरं आहेत. खरिपात त्यात पाणी उभं असतं, मका तिथे सडतो. रब्बीत, जिथे पाणी आहे तिथे मका येतो, वाढतोही आहे. पण इथेनॉलसाठी मक्याला मागणी आल्यापासून दाणा विकायचा की झाडासकट जनावराला घालायचं, हा हिशेब लहान शेतकऱ्यासाठी एकाच बाजूला झुकतो. त्याला दोष देता येणार नाही.

खड्ड्याचंही तसंच. पुस्तकात खड्डा सांगितलेला असतो. धानाच्या जमिनीत पावसाळ्यात दोन-तीन फुटांवर पाणी लागतं. असा खड्डा आषाढात विहीर होतो. शिवाय खड्डा एका दिवसात भरावा लागतो, म्हणजे ट्रॅक्टर, मजूर, कुट्टीयंत्र आणि चारा सगळं एकाच दिवशी जमलं पाहिजे. दोन गायींच्या घराला ते जमत नाही.

भाद्रपदातली उसंत

या मुलखात चारा कमी नाही, तो चुकीच्या महिन्यात येतो. रोवणी आटोपली की भाद्रपदात धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, गुडघाभर गवत असतं, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाला असतं, रस्त्याच्या कडेला असतं. ते वाळवून ठेवता येत नाही, कारण ऊन नसतं. १,३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात सप्टेंबरात गवत पसरलं तर काळं पडतं. आश्विनापर्यंत थांबलं तर ते फुलोऱ्यावर येऊन निबर होतं, प्रथिनं उतरतात. मग धानाची कापणी येते आणि कोणाला वेळ नसतो. मुरघासाला ऊन लागत नाही. त्याची खरी जागा इथल्या पावसाळ्यातच आहे.

अडचण एकच, ती म्हणजे पाणी. पावसातल्या हिरव्या गवतात ८० टक्के पाणी असतं. तसंच भरलं तर रस झिरपतो आणि चारा कुजतो. पाणी ७० टक्क्यांच्या आसपास यायला हवं. इतरत्र गवत अर्धा दिवस उन्हात सुकवतात. इथे ऊन नाही, पण तणीस आहे. ८५ किलो हिरव्या गवतात १५ किलो कोरडी, बारीक कुट्टी केलेली तणीस मिसळली की मिश्रणातलं पाणी हिशेबाने ७० टक्क्यांवर येतं. तणीस रस शोषून घेते, आणि स्वतःही थोडी मऊ होते. साखर दोन्हींत कमी, म्हणून शंभर किलोमागे दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपायचा. त्यासाठी गेल्या वर्षीची थोडी चांगली तणीस ढिगाच्या मधल्या भागातून आधीच बाजूला काढून कोरडी ठेवावी लागते. हे लक्षात ठेवण्याचं काम अवघड आहे, बाकीचं नाही.

आता प्रमाण पाहू. फाल्गुनाच्या मध्यापासून पावसापर्यंत साधारण शंभर दिवस धरले आणि एका गायीला रोज दहा किलो मुरघास द्यायचा म्हटलं, बाकी पोट तणसीने भरायचं, तर एका गायीला एक टन लागतो. म्हणजे ५० किलोच्या वीस पिशव्या. एका पिशवीला दीड-दोन भारे गवत, सात-आठ किलो तणीस, एक किलो गूळ. रोज दोन पिशव्या भरल्या तर दहा दिवसांचं काम. आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी, बाहेरून धान्याचा बारदाना, थराथराने पायांनी दाबणं, तोंड पिळून सुतळीने बांधणं. उंदीर आणि वाळवी हे खरे शत्रू. म्हणून पिशव्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुट्या ठेवाव्या लागतात.

पिशवीचा आकारही इथल्या उन्हाने ठरवायचा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. उघडलेला मुरघास त्या उष्णतेत दोन-तीन दिवसांत तापतो आणि बुरशी धरतो. दोन गायी असतील तर ५० किलोची पिशवी वेळेत संपते. एकच गाय असेल तर २५–३० किलोचीच भरावी. बाजारात मिळणारी टनाची मोठी पिशवी या घराच्या कामाची नाही.

ज्यांना थोडं पाणी आहे त्यांनी धुऱ्यावर संकरित नेपियर लावावा. बाजरी आणि आफ्रिकेतलं हत्तीगवत यांचा तो संकर. राहुरी विद्यापीठाचा 'फुले जयवंत' हा त्यातलाच. पहिली कापणी अडीच-तीन महिन्यांनी, नंतर दर दीड महिन्याने. खत-पाणी असेल तर हेक्टरी शंभर टनांच्या पुढे जातो. त्या हिशेबाने दोन गुंठ्यांची पट्टी एका गायीच्या उन्हाळ्याला पुरून उरते. नेपियरमध्येही ऑक्झॅलेट असतं, कोवळ्या कापणीत अधिक; म्हणून तणसीबरोबर देताना खनिज मिश्रण टाळू नये.

केनियातली गाय

दूरच्या एका मुलखाने लहान गोठ्याच्या चाऱ्याचा हा प्रश्न आधी सोसला आहे. केनियाच्या डोंगराळ भागात एक-दोन गायी गोठ्यात बांधून, कापून आणलेल्या नेपियरवर लाखो घरं दूध काढतात. तिथे नेपियरवर खुरटा रोग आला. तुडतुड्यांनी तो पसरवला, आणि एकाच गवतावर विसंबलेल्या घरांचा चारा गेला. मग रताळ्याचे वेल कुट्टी करून मुरघास करणं, ब्रॅकिआरिया गवत, मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वेल, असे पर्याय पुढे आले. डेस्मोडियम तर मक्याचा खोडकिडाही दूर ठेवते. डोंगर आणि बांधी यांत साम्य नाही. पण एका गवतावर सगळा भार टाकायचा नाही आणि शेतात आधीच असलेल्या पिकातून चारा शोधायचा, हे दोन धडे इथेही उपयोगाचे आहेत.

लाखोळी, मोह आणि हत्ती

इथल्या शेतात आधीच असलेलं पीक म्हणजे लाखोळी. धान उभं असताना, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी चिखलात बी फेकतात. नांगरणी नाही, पाणी नाही. बांधीच्या उरलेल्या ओलीवर ती वाढते. शेंगवर्गीय असल्याने प्रथिनं भरपूर. तिच्या कुटाराची किंमत इथल्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. दाण्यातल्या विषद्रव्यामुळे १९६१ नंतर तिच्या विक्रीवर बंदी आली, नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती उठवण्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. आता 'रतन', 'प्रतीक' यांसारखी विष कमी असलेली वाणं आहेत. पौषात फुलावर आलेली लाखोळी हिरवी कापली तर चारा म्हणून ती सर्वांत मोलाची असते. तिचा एकटीचा मुरघास होत नाही: साखर कमी, आणि प्रथिनं आम्लता वाढू देत नाहीत, म्हणून ती कुजते. तीन भाग नेपियर किंवा रब्बी ज्वारी-मक्याला एक भाग लाखोळी हे प्रमाण चालतं.

पण लाखोळीवर दोन संकटं आहेत. हार्वेस्टरला कोरडी जमीन लागते आणि त्याच्या चाकांखाली उगवलेली लाखोळी चिरडते. दुसरं, धान निघालं की ढोरं मोकळी सोडण्याची रीत. एकाच्या वावरात लाखोळी आणि शेजारच्यांची ढोरं सुटी, असं चालत नाही. हा निर्णय गावाने मिळून घ्यायचा असतो. जंगलाच्या हक्कासाठी ग्रामसभांची ताकद काय असते हे गडचिरोलीने लेखा-मेंढा गावात देशाला दाखवलं आहे. जंगलाइतकाच चराईचा नियम हाही ग्रामसभेचा विषय आहे.

गुळाच्या जागी मोहफूल चालेल का, असा विचार इथे कोणाच्याही मनात येईल. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते आणि गुरं ते आवडीने खातात. मुरघासात थोडं कुटून मिसळण्याचा प्रयोग सिंदेवाहीच्या किंवा गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या गोठ्यात नीट मोजूनमापून व्हावा, असं मला मनापासून वाटतं. प्रमाण चुकलं तर जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, म्हणून अंदाजाने हे करू नये. दुसरी अडचण जिल्ह्याची आहे: गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि घरात मोहाचा साठा म्हटलं की संशय आधी येतो. तिसरी अडचण सोंडेची. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून आलेला रानटी हत्तींचा कळप जिल्ह्याच्या उत्तरेत फिरतो, आणि साठवलेलं धान व मोह यांच्या वासाने घरं फोडतो. त्या गावांत मोह घातलेल्या पिशव्या झोपायच्या खोलीजवळ ठेवणं म्हणजे संकटाला बोलावणं. तिथे गूळही जपून वापरावा आणि पिशव्या घरापासून दूर ठेवाव्यात.

गाय कोणती, पिशवी कोणाची

या भागाची स्वतःची गाय आहे, कठाणी. कठाणी नदीवरून नाव पडलेल्या या गोवंशाला राष्ट्रीय नोंदणी मिळाली, ती जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या जातींच्या यादीत. गाय लहान, दूध थोडं; तिच्या बैलाचं मोल मात्र चिखलात कळतं. माडिया-गोंडांमध्ये गायीचं दूध वासराचं मानण्याची जुनी रीत आहे, तिचा मी आदर करतो. तिथे मुरघास बैलासाठी. उन्हाळ्याअखेर बरगड्या मोजता येणारा बैल आषाढात चिखलणीला जुंपला जातो. ज्येष्ठातले तीस दिवस त्याला रोज पाच-सहा किलो मुरघास मिळाला तर तो नांगराखाली बसणार नाही. दुसरीकडे चामोर्शी, मूल, ब्रह्मपुरीकडे जर्सी संकराच्या गायी आहेत, दूध विकलं जातं. विदर्भ-मराठवाडा दुग्ध विकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात विदर्भाचे सगळे जिल्हे घेतले आहेत. या गायीला तणसीवर ठेवून दूध मागणं क्रूरपणाचं आहे.

सरकारी मदतीचा आकार मात्र या घरांशी जुळत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास निर्मिती प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. तो मोठा कारखाना जिथे मका पिकतो तिथे उभा राहील आणि त्याचा मुरघास ट्रकने इथे विकायला येईल. ७० टक्के पाणी असलेला चारा शेकडो किलोमीटर वाहून आणायचा आणि इथलं गवत धुऱ्यावर वाळू द्यायचं, हा हिशेब मला पटत नाही.

इथे लागणारी गुंतवणूक लहान आहे. दोन अश्वशक्तीचं एक कुट्टीयंत्र, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुळाच्या भेल्या. भारा आणणारी, कुट्टी पसरणारी, पिशवीत उभी राहून दाबणारी बाईच असते. रोवणीचे वाकलेले महिने नुकतेच संपलेले असतात, पाठ भरलेली असते. म्हणून हे काम एकटीच्या घरी टाकलं तर ते होणार नाही. बचत गटाने यंत्र घेऊन भाद्रपदात ते एका टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, दहा-बारा दिवस ठेवलं, रोज सकाळी पाऊस उघडल्यावर दोन तास चालवलं, धुऱ्याचं गवत कापण्याची मजुरी आधी ठरवली आणि ती कापणाऱ्या बाईच्या हातात दिली, तर दहा घरांच्या वीस-वीस पिशव्या पितृपक्षाआधी फळ्यांवर रचून होतात.